तिसऱ्यांदा क्रॉस बदलण्याआधी

जुन्या डिझेल ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या लांब नळीचा) क्रॉस, म्हणजे टोकाचा कोनात फिरणारा सांधा, पहिल्यांदा गेला तर तो बदलावा आणि कामाला लागावं. वर्षानुवर्षं ओढाओढी केलेल्या गाडीत क्रॉस जाणारच. पण त्याच जागचा नवा क्रॉस काही महिन्यांत पुन्हा खडखडू लागला, किंवा क्रॉसपाठोपाठ शाफ्टला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग, मग पिनियनचं (शाफ्टला जोडलेल्या, ॲक्सलमधल्या छोट्या दातेरी चाकाचं) सील, मग पिनियनचं बेअरिंग अशी रांगच लागली, तर पाना खाली ठेवून विचार करायला हवा. पुन्हा पुन्हा तुटणारा भाग क्वचितच निकृष्ट असतो. बहुतेक वेळा त्याच्यावर येऊ नये असा जोर येत असतो, आणि तो कुठून येतोय हे सापडेपर्यंत कितीही महागाचा भाग घातला तरी तोही जाणार.

टोइंगच्या गाडीबद्दल हे जास्त कळकळीने सांगावंसं वाटतं. ही गाडी अडलेल्याच्या मदतीला जाते. ऐन चढावर तिचाच ॲक्सल तुटला तर मागे टांगलेली गाडी, दोन्हीकडची माणसं आणि मागून येणारी वाहतूक, सगळेच धोक्यात येतात. काही जुन्या ट्रकांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो. अशा गाडीत शाफ्ट किंवा ॲक्सल तुटला की चाकं आणि हँडब्रेक यांचा संबंधच संपतो आणि लिव्हर ओढून काही होत नाही. त्यामुळे ‘चालतंय तोवर चालवू’ हा हिशोब इथे करू नये.

आधी आकडे मांडू. इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचा रेशो ५.५ आणि क्राऊन-पिनियनचा (मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचा) ४.१ धरला, तर क्लचवर ४०० येतात, गिअरबॉक्सच्या बाहेर त्याचे २,२०० होतात आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस ते २,२०० झेलतात. क्राऊन-पिनियननंतर ९,०२० होतात आणि दोन्ही ॲक्सल शाफ्टांच्या वाट्याला साधारण ४,५०० न्यूटन-मीटर येतात. घर्षणात जाणारं थोडंफार सोडून दिलं आहे.

रिकाम्या ट्रकला यातून एक सुटका असते. मागच्या ॲक्सलवर २,५०० किलो वजन आहे, टायरची त्रिज्या ०.३८ मीटर आहे आणि कोरड्या डांबरावरची पकड ०.८ आहे असं धरलं, तर मागची चाकं मिळून सुमारे ७,४५० न्यूटन-मीटरपर्यंत टिकाव धरतात. त्यापुढे टायर घसरतात आणि ॲक्सलवरचा ताण तिथेच थांबतो. आता याच ट्रकच्या बूमला (गाडी उचलणाऱ्या दांड्याला), मागच्या ॲक्सलच्या २ मीटर मागे, १,५०० किलो टांगा. व्हीलबेस ४ मीटर असेल तर पुढचा ॲक्सल ७५० किलोने हलका होतो आणि मागच्या ॲक्सलवर एकूण २,२५० किलो वाढतात. मागचं वजन ४,७५० किलो झालं की टायरची पकड १४,१५० न्यूटन-मीटरच्या आसपास जाते. इंजिन पहिल्या गिअरमध्ये ९,०२० देतंय, म्हणजे टायर आता घसरणारच नाहीत. त्यात क्लच झटक्यात सोडला तर फिरत्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली ताकदही शाफ्टात शिरते आणि क्षणभर इंजिनाच्या टॉर्कपेक्षा कितीतरी मोठा धक्का बसतो. तो जिरवायला क्लच घसरला तर ठीक, नाहीतर सगळ्यात कमजोर भाग तुटतो. रिकामी असताना वर्षभर ठणठणीत चालणारी गाडी टांगल्यावर पाचव्या मिनिटाला ॲक्सल का तोडते, याचं उत्तर बऱ्याचदा एवढ्या गणितात मिळतं.

गाडी उचलल्यावर ट्रकच्या पुढच्या ॲक्सलवर रिकाम्या वेळच्या वजनाच्या निम्मं तरी वजन उरावं, असा या धंद्यातला जुना नियम आहे. तो स्टिअरिंग आणि ब्रेकसाठी सांगितला जातो, पण मागच्या हाउसिंगलाही (ॲक्सल आणि क्राऊन-पिनियन ज्यात बसतात त्या आवरणालाही) तोच वाचवतो. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत हिचवर येणारं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. काट्यावर नेऊन पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि हिच यांची वजनं वेगवेगळी घेतली की अंदाजाने बोलायची गरज उरत नाही.

जास्त मजबूत भाग टाकून हा प्रश्न सोडवायची सवय मला पटत नाही. क्लच घसरतो म्हणून दुप्पट पकडीची प्रेशर प्लेट बसवली, की आधी क्लचमध्ये जिरणारा धक्का गिअरबॉक्समध्ये जातो. हिसके जिरवणारं दोन भागांचं ड्युअल मास फ्लायव्हील सारखं जातं म्हणून सॉलिड फ्लायव्हील आणि स्प्रिंगची क्लच प्लेट घातली, की डिझेल इंजिनाचे हिसके गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टपर्यंत पोचतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन हिसके बसतात, सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन. कमी आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढ चढवला की ते सगळ्यात जोरदार असतात. सॉलिड फ्लायव्हील बसवूच नये असं नाही. पण ते बसवल्यावर सहा महिन्यांनी गिअरबॉक्स खडखडू लागला, तर तो पहिल्याच दुखण्याचा पुढचा भाग आहे हे ओळखता आलं पाहिजे.

तुटलेला भाग फेकून देऊ नये, धुऊन चकचकीतही करू नये. तेल हलकेच पुसून उन्हात तिरका धरून तुटीचा चेहरा पाहावा. पूर्ण तूट एकसारखी खडबडीत, दाणेदार असेल आणि कडेला घासल्याची जुनी खूण नसेल, तर भाग एका फटक्यात गेला. क्लच सोडणं, चाक घसरता घसरता अचानक पकडणं, दोर सैल ठेवून हिसका मारून ओढणं, असली कारणं तिथे शोधावीत. तुटीचा काही भाग गुळगुळीत, त्यावर एका कोपऱ्यापासून पसरत गेलेल्या वक्र रेघा आणि उरलेला भाग खडबडीत असेल, तर ती फटीग तूट. फट आधीच पडलेली होती, रोज थोडी वाढत होती आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या धातूला भार पेलला नाही. खडबडीत भाग लहान असेल तर शेवटचा भार फार नव्हता, फक्त फट बराच काळ वाढत होती. तो मोठा असेल तर भारच जास्त होता.

माणसाला हे कळायला मोठी किंमत मोजावी लागली आहे. मे १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला आणि अनेक प्रवासी जळून मेले. वर्षानुवर्षं भार पेललेला धातू एखाद्या साध्या दिवशी का तुटतो, याचा शोध त्यानंतर गांभीर्याने सुरू झाला. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या ॲक्सलवर प्रयोग करून दाखवलं, की धातू एका झटक्यात सहज पेलतो तेवढाच भार लाखो वेळा आलटून पालटून आला तर तो त्याच धातूला तोडू शकतो. ट्रकच्या ॲक्सलला हाच नियम लागू आहे. म्हणून ‘काल तर काहीच भार नव्हता, मग तुटला कसा’ या प्रश्नाचं उत्तर शोधताना मागच्या महिन्यांतली कामं आठवावी लागतात.

ॲक्सल शाफ्टची तूट आणखी एक गोष्ट सांगते. फुल फ्लोटिंग ॲक्सलमध्ये गाडीचं वजन हब आणि हाउसिंग उचलतं, शाफ्टने फक्त फिरवायचं काम करायचं असतं. अशा शाफ्टवर वाकून वाकून तुटल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे कडेपासून सुरू होऊन आडव्या सपाट पसरलेल्या फटीग रेघा दिसल्या, तर शाफ्टवर वाकण्याचा भार यायलाच नको होता आणि तो आला आहे. एकतर हबचं बेअरिंग ढिलं आहे किंवा हाउसिंगच वाकलं आहे. जास्त वजन टांगून हाउसिंगची मधली बाजू खाली झुकते आणि चाकांचे खालचे काठ बाहेर फाकतात. तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी तिच्या वजनावर उभी करा, दोन्ही मागच्या रिमच्या आतल्या कडांमधलं अंतर ॲक्सलच्या पुढे आणि मागे एकाच उंचीवर मोजा. मग चाकं अर्धा फेरा फिरवून तेच पुन्हा मोजा, म्हणजे रिमचा वाकडेपणा वजा होईल. नंतर वर आणि खाली मोजा. सरळ हाउसिंगमध्ये हे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. काही मिमीचा फरक दरवेळी एकाच दिशेने आला तर नवा शाफ्ट मागवू नका, आधी हाउसिंग सरळ करा किंवा बदला.

ॲक्सल शाफ्टच्या टोकाच्या लांब खाचा, म्हणजे स्प्लाइन, पिळवटलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट तुटलेला नसला तरी संपला. त्याच्या जोडीचा शाफ्टही काढून पाहावा, कारण दोघांनी सारखाच मार खाल्लेला असतो.

आता क्रॉस. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने ज्या जॉइंटचा अभ्यास केला, त्याचीच ही आवृत्ती आहे आणि त्याचा स्वभाव अजून बदललेला नाही. दोन शाफ्ट कोनात असले की आत येणारा वेग एकसारखा असूनही बाहेर जाणारा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. ३ अंशांच्या कोनात हा फरक सुमारे ०.१४ टक्के असतो, ८ अंशांना जवळजवळ १ टक्का, १० अंशांना दीड टक्का. आकडे किरकोळ वाटतात, पण मागे टनावारी वजन जोडलेलं असताना शाफ्ट मिनिटाला दीड हजार वेळा फिरत असेल, तर हा फरक मिनिटाला तीन हजार हिसक्यांच्या रूपात क्रॉसवर येतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच उलट्या कोनात असेल आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे काटे) एका रेषेत असतील, तर तो हा फरक पुसून टाकतो. त्यामुळे दोन्ही टोकांचे कोन एकमेकांच्या १ अंशाच्या आत असावेत आणि प्रत्येक कोन साधारण अर्धा ते ३ अंश असावा. कोन शून्य झाला तर क्रॉसच्या कपांतले सुईसारखे निडल रोलर फिरतच नाहीत. एकाच जागी उभं राहून ते क्रॉसच्या बुंध्यावर रेघा पाडतात, आणि अगदी सरळ बसलेला शाफ्टही क्रॉस खाऊ शकतो तो यामुळे.

कोन मोजायला डिजिटल अँगल गेज पुरेसं आहे. ट्रक सपाट फरशीवर हवा, टायरमध्ये योग्य हवा हवी आणि मुख्य म्हणजे वजन चाकांवर हवं. चासीखाली जॅक लावून ॲक्सल लोंबकळत ठेवून घेतलेले आकडे निरुपयोगी असतात. चाकांना पुढून मागून ठोकळे लावावेत. गिअरबॉक्सच्या आउटपुट फ्लँजचा, शाफ्टच्या नळीचा आणि पिनियन फ्लँजचा कोन घ्यावा, सगळे एकाच बाजूने आणि उताराची दिशा लिहून. समजा रिकाम्या गाडीत गिअरबॉक्स मागे ३.० अंश उतरता, शाफ्ट ५.५ आणि पिनियन ३.२ आला. पुढच्या क्रॉसचा कोन २.५ आणि मागच्याचा २.३ म्हणजे उत्तम. बरेचजण इथेच मोजणं थांबवतात आणि चूक नेमकी इथेच लपून राहते. आता नेहमीचं वजन टांगून पुन्हा मोजा. पाटे (स्प्रिंग) दबून बसलेले असतील तर आकडे असे काही येतील: गिअरबॉक्स ३.८, शाफ्ट ३.९, पिनियन ६.२. पुढचा कोन ०.१ आणि मागचा २.३. पुढच्या क्रॉसचे रोलर फिरत नाहीत आणि मागच्याचे हिसके कोणीच पुसत नाही. शिवाय ओढताना पिनियनचं नाक आणखी वर उचललं जातं. ते उभ्या गाडीत मोजता येत नाही. चासीला एक छोटा कॅमेरा घट्ट बांधून पिनियनकडे रोखावा, भारासकट गाडी हलवावी आणि नंतर चित्रण पाहावं. नाक किती उसळतं ते डोळ्यांनी दिसतं. गाडी चालू असताना खाली वाकून कोणी पाहू नये.

बसलेले पाटे, ढिले यू बोल्ट, तुटलेला सेंटर बोल्ट, पाटा आणि ॲक्सल यांच्यामधली पाचर उलटी किंवा गायब, गिअरबॉक्सच्या माउंटिंगचं फाटलेलं रबर. वरचे आकडे बिघडवणारी कारणं बहुधा एवढीच. गिअरबॉक्स माउंटिंगकडे दुर्लक्ष फार होतं, कारण रबर तेलाने फुगलेलं असलं तरी वरून शाबूत दिसतं. गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने हलकेच उचलून पाहिलं की फट दिसते.

शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखालच्या शिमा (उंची जुळवायच्या पातळ पट्ट्या) उतरवताना मोजून, बाजू लिहून ठेवाव्यात. पुढचा तुकडा गिअरबॉक्सशी जवळजवळ सरळ, पण अगदी शून्यात नाही, असा बसतो. स्लिप योक (शाफ्टवर पुढेमागे सरकणारा योक) काढण्याआधी दोन्ही भागांवर सेंटर पंचने खूण करणं हे मिनिटाचं काम आहे. योक ९० अंश चुकून बसवला तर दोन क्रॉसचे हिसके एकमेकांना पुसण्याऐवजी एकमेकांत भर घालतात. गाडी निघताना थरथरते, सेंटर बेअरिंगचं रबर फाटतं आणि दोष बेअरिंगला दिला जातो.

क्रॉस बसवतानाच्या चुका वेगळ्या. कप ठोकताना एखादा निडल रोलर आडवा पडून तळाशी जातो, कप पूर्ण बसत नाही आणि त्याला अडवून धरणारी कडी, सर्क्लिप, खाचेत शिरत नाही, म्हणून हातोडा मारून ती ‘बसवली’ जाते. हा क्रॉस काही दिवसांचा सोबती. बसवल्यावर क्रॉस हाताने चारही दिशांना अडखळण्याशिवाय हलला पाहिजे. ग्रीस भरताना ते चारही कपांच्या सीलमधून बाहेर आलं पाहिजे. तीनातून आलं आणि चौथ्यातून नाही, तर चौथा कोरडाच आहे. कप बोल्टने धरलेला असेल तर त्याचे बोल्ट थोडे सैल करून पुन्हा ग्रीस गन चालवावी आणि मग टॉर्क पान्याने घट्ट करावेत.

थरथर कुठून येते हे वेगाच्या आकड्यांवरून ओळखता येतं. ०.३८ मीटर त्रिज्येच्या टायरचा घेर २.३९ मीटर. ताशी ६० किमी वेगाला चाक सेकंदाला सुमारे ७ फेरे घेतं आणि ४.१ रेशोने शाफ्ट २८.६ फेरे. कंप मोजणाऱ्या साध्या मोबाइल ॲपवर ७ हर्ट्झ दिसले तर टायर किंवा रिम पाहा. २८-२९ हर्ट्झ आले तर शाफ्टचं बॅलन्सिंग गेलंय, नळीला पोचा पडलाय किंवा बॅलन्सिंगची पट्टी गळून पडली आहे. ५७ च्या आसपास आले तर कोन बिघडलेत, कारण कोनाचा हिसका एका फेऱ्यात दोनदा येतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर त्याच वेगाला क्षणभर न्यूट्रल करून पाहावं. थरथर तशीच राहिली तर ती शाफ्टाची किंवा चाकांची, थांबली तर इंजिनाची किंवा भार आल्यावरच उमटणारी. उतारावर किंवा मागे गाडी जोडलेली असताना ही चाचणी करू नये.

हाउसिंगकडे येऊ. पिनियनचं सील वर्षात तिसऱ्यांदा गळू लागलं, तर सील बदलण्याआधी हाउसिंगच्या वर असलेला ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी तोटी) काढून फुंकून पाहा. चिखलाने बुजलेला हा छोटासा भाग महागडी दुखणी लावतो. ३० अंशांना बंद झालेली हवा ओढताना ११० अंशांपर्यंत तापली की तिचा दाब सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सीलच्या आतून पाव बारहून थोडा जास्त दाब येतो. तेल वाट काढतं. पिनियनमधून गळलं तर खाली डाग दिसतो, पण ॲक्सलच्या टोकाने गळलं तर ब्रेक लायनिंग भिजतं आणि ते ब्रेक लागेनासा होईपर्यंत कळत नाही. ब्रीदर नळीने चासीच्या उंचीवर नेणं हा चांगला उपाय.

दुसरी चूक सील बदलतानाच होते. पिनियनचा नट काढला की बेअरिंगचं प्रीलोड, म्हणजे त्यावर आधीच दिलेला दाब, मोडतं. सील बसवून नट हवेच्या गनने करकचून आवळला, तर आतला क्रश स्लीव्ह (चेपून प्रीलोड ठरवणारी नळी) आणखी चेपतो, प्रीलोड प्रमाणाबाहेर जातं आणि बेअरिंग तापून काही हजार किलोमीटरमध्ये खरवडतं. खरवडलेलं बेअरिंग पिनियनला डुलवतं आणि डुलणारा पिनियन नवं सील खातो. म्हणजे सीलमुळे बेअरिंग गेलं आणि बेअरिंगमुळे सील, असं चक्र सुरू होतं. योग्य पद्धत अशी की नट काढण्याआधी पिनियन फिरवायला लागणारा टॉर्क मोजून लिहावा, नट आणि शाफ्टवर खूण करावी आणि बसवताना थोडं थोडं आवळत पुन्हा पुन्हा मोजावं. प्रमाणापेक्षा जास्त आवळलं गेलं तर नट उलटा फिरवून भागत नाही. चेपलेला स्लीव्ह पूर्वीसारखा होत नाही, नवाच घालावा लागतो.

क्राऊन-पिनियन पुन्हा जात असेल तर दातांवर मार्किंग पेस्ट लावून ठसा पाहण्याला पर्याय नाही. चाकाला थोडा अडथळा देऊन दोन्ही दिशांना फिरवावं. ठसा दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या टोकाकडे झुकलेला असावा, कारण भार आला की तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो. रिकाम्या अवस्थेत तो आधीच बाहेरच्या टोकाला असेल तर ओढताना दाताची कडच सगळा भार घेईल आणि तुटेल. ठसा दाताच्या माथ्यावर किंवा मुळाशी असेल तर पिनियनची खोली चुकली आहे, ती शिमने दुरुस्त होते. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने चार ठिकाणी घ्यावा. हलक्या ट्रकांत तो बहुधा ०.१५ ते ०.२५ मिमी असतो, तरी त्या हाउसिंगच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. चार ठिकाणच्या आकड्यांत मोठा फरक दिसला तर क्राऊन वाकडा बसला आहे किंवा तो ज्यावर बसतो त्या केजच्या फ्लँजवर घाण राहिली आहे.

आवाजाची वाटणीही उपयोगी पडते. ॲक्सिलरेटर दिल्यावर शीळ आणि सोडल्यावर शांत, तर दात. दोन्ही वेळा सारखी घरघर, तर बेअरिंग. फक्त वळताना खडखड, तर स्पायडर गिअर (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे) किंवा त्यांचे वॉशर. डबल टायरच्या ॲक्सलवर डाव्या आणि उजव्या बाजूच्या टायरांचा घेर वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरही स्पायडर गिअर दिवसभर फिरत राहतात. खडू आणि टेप घेऊन घेर मोजणं हे या सगळ्यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

तेलाबद्दल थोडंच सांगतो. हायपॉइड हाउसिंगला (ज्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून सरकलेला असतो) जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. तेच पितळी सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्समध्ये घातलं तर त्यातली गंधकयुक्त द्रव्यं पितळ खाऊ शकतात, तिथे बहुधा जीएल-४ सांगितलेलं असतं. दोन्हीकडे एकच डबा वापरण्याची सोय शेवटी महाग पडते.

गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग किंवा क्लच प्लेटचा मधला हब पुन्हा पुन्हा जात असेल, तर संशय बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या आवरणावर) घ्यावा. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत ठेवायचं काम डॉवेल पिना करतात. इंजिन दोन-तीनदा उतरवलेल्या गाडीत त्या हरवलेल्या किंवा झिजलेल्या असतात. गिअरबॉक्स फक्त बोल्टांवर टांगला जातो, इनपुट शाफ्ट क्रँकच्या मध्यापासून केसभर सरकतो आणि क्लच प्लेट प्रत्येक फेऱ्यात वाकते. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून क्रँक फिरवत हाउसिंगचं भोक आणि तोंड दोन्ही मोजावं. जड ट्रकांत ०.२ मिमीच्या आसपास मर्यादा असते, हलक्या गाड्यांत त्याहून कमी. इनपुट शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग, फ्लायव्हीलच्या तोंडावरचे निळे डाग आणि क्रँकच्या मागच्या सीलमधून येणारं तेल त्याच वेळी पाहून घ्यावं. थरथरीचं मूळ इंजिनातही असू शकतं. एक इंजेक्टर कमी डिझेल देत असेल तर हिसके असमान होतात आणि ते पुढे सगळीकडे जातात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात एकेका पाइपचा नट सैल करून फरक ऐकता येतो. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) हे चुकूनही करू नये, तिथल्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत शिरतं. तिथे स्कॅनरवर सिलिंडरनिहाय करेक्शनचे आकडे पाहावेत.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करून आल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा गेला तर ऑइल कूलर पाहा. पहिल्या बिघाडातला धातूचा चुरा कूलरमध्ये बसलेला असतो आणि तोच नव्या गिअरबॉक्समध्ये येतो. कूलर नीट धुतला जाईल याची खात्री नसेल तर तो बदलावा. परतीच्या नळीतून साधारण २० सेकंदांत १ लिटरच्या आसपास तेल यायला हवं.

दुरुस्ती झाल्यावर लगेच मोठं काम घेऊ नये. नवं क्राऊन-पिनियन बसवलं असेल तर पहिल्यांदा १५-२० मिनिटं हलकी चालवून हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्यावं, असं दोन-तीनदा करावं आणि पहिले ८०० किमी काही ओढू नये. नंतर तेल बदलावं. पाट्यांचे यू बोल्ट पहिल्या भाराच्या फेरीनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. कोनांचे रिकामे आणि भारासह आकडे, बॅकलॅश, पिनियन फिरवायचा टॉर्क आणि तारखेला मीटरवर असलेले किलोमीटर एका वहीत लिहून ती वही गाडीतच ठेवावी. पहिलं तेल काढताना ड्रेन प्लगचा चुंबक बोटाने पुसून पाहा. मऊ करडी पेस्ट लागली तर दात एकमेकांत बसतायत आणि ठीक आहे. बोटाला धारदार कपची लागली, तर गाडी कामावर न पाठवता हाउसिंग पुन्हा उघडा.